ऑपेरा? झेपतो ना भाऊ!

जर्मनीला मास्टर्सला निघालेल्यांसाठी, आणि बर्डीवरच राहणाऱ्यांसाठीही

पृथ्वीपासून सगळ्यात लांब गेलेली माणसाच्या हातची वस्तू कोणती? व्हॉयेजर-१. १९७७ साली निघालेल्या या यानात आणि त्याच्या जोडीदार व्हॉयेजर-२ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवलेली आहे. कुणी परग्रहवासी भेटलाच, तर त्याला आपली ओळख पटावी म्हणून तिच्यात जगभरच्या संगीताचे २७ तुकडे भरले आहेत. त्यातल्या एका तुकड्यात आपल्या केसरबाई केरकर भैरवी गातात. दुसऱ्या एका तुकड्यात एडा मोझर ही जर्मन गायिका मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातलं रात्रीच्या राणीचं गाणं गाते, रागाने फणफणत, आवाज पार आभाळाला टेकवत.

म्हणजे अंतराळात या दोघी जवळपास ५० वर्षं एकाच तबकडीवर सुखाने नांदताहेत. आणि इथे जमिनीवर, ‘ऑपेरा’ हा शब्द काढला की आपल्या कट्ट्यावरचं उत्तर ठरलेलं : ‘ते आपलं काम नाही बे!’ जाडजूड बाई, शिंगांचं शिरस्त्राण, किंकाळ्या आणि समोर सूट-बूट घालून बसलेली म्हातारी मंडळी. बस, एवढंच चित्र.

तुमच्यापैकी कितीतरी जण सध्या जर्मनचे क्लास करताय. ए-वन झालं, बी-वनचं टेन्शन आहे, पुढच्या वर्षी म्युनिक नाहीतर ड्रेस्डेन. तिथे गेल्यावर कधीतरी एखादा मित्र म्हणेल, ‘चल, आज ऑपेराला जाऊ.’ तेव्हा तुम्ही ‘मला काय कळणार’ म्हणून हॉस्टेलवर बसू नये, यासाठी हा लेख. आणि जे कुठेही जाणार नाहीत, रोज सीताबर्डीच्या स्टेशनात ऑरेंज लाइनवरून अॅक्वा लाइनवर गाडी बदलत कॉलेज गाठणार आहेत, त्यांच्यासाठीही. कारण या गोष्टीत आपला वाटा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

वन्समोअर घेणारा मोझार्ट

‘द मॅजिक फ्लूट’पासूनच सुरू करू. पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१, व्हिएन्ना. जागा कुठली? राजवाडा नाही, राजाचं थिएटरही नाही. शहराबाहेरच्या वस्तीतलं एक साधं नाट्यगृह. तिकीट काढून येणारे साधे लोक. संहिता लिहिणारा एमानुएल शिकानेडर हा नाटक कंपनीचा मालक होता, आणि पापागेनो या पक्षी पकडणाऱ्या विनोदी पात्राचं कामही तोच करायचा. मालक, लेखक, नट असा तिन्ही टोप्या घालणारा माणूस. आपल्या जुन्या नाटक कंपन्या आठवा, असे मालक तिथेही सापडतील.

आता गंमत बघा. त्या काळात ‘खरा’ ऑपेरा म्हणजे इटालियन भाषेतला, आणि त्यात बोलायच्या जागीही गाणंच. ‘मॅजिक फ्लूट’ मात्र जर्मनमध्ये होता, लोकांच्या भाषेत. आणि त्यात पात्रं आधी चक्क बोलतात, मग गातात, परत बोलतात. या प्रकाराला जर्मनमध्ये ‘झिंगश्पील’ म्हणतात. झिंगेन म्हणजे गाणं, श्पील म्हणजे खेळ. गाण्याचा खेळ. आपल्याकडे याला काय म्हणतात? संगीत नाटक! गद्य आलं, पद आलं, पुन्हा गद्य.

मोझार्टने त्या दिवसांत बायकोला पत्र लिहून कळवलं होतं की आजही नेहमीप्रमाणे अमुक अमुक गाणी लोकांनी परत म्हणायला लावली. वन्समोअर! बालगंधर्वांच्या काळातला आपला प्रेक्षक तिथे नेऊन बसवला असता, तर त्याला वेगळं काही वाटलं नसतं. या यशानंतर थोड्याच दिवसांत, ५ डिसेंबर १७९१ ला, मोझार्ट गेला. वय अवघं ३५.

शकुंतलेची फेरी

त्याच १७९१ सालात जर्मनीत आणखी एक गोष्ट घडली. विल्यम जोन्सने दोन वर्षांपूर्वी कालिदासाच्या ‘शाकुंतला’चं इंग्रजी भाषांतर केलं होतं. त्यावरून गेऑर्ग फोर्स्टरने ते जर्मनमध्ये आणलं. पुस्तक गाजलं. गटे हा त्यांचा सर्वांत मोठा कवी तर त्याच्या प्रेमातच पडला. ‘फाउस्ट’च्या सुरुवातीला नाटक कंपनीतल्या माणसांचा जो प्रवेश आहे, त्याची कल्पना शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीवरून सुचली, असं मानलं जातं.

पुढे शुबर्टने १८२० मध्ये शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला, तो अर्धवट राहिला. १८८४ मध्ये फेलिक्स वाइनगार्टनर या विशीतल्या पोराने ‘शकुंतला’ ऑपेरा पूर्ण केला आणि वायमारमध्ये त्याचा प्रयोग झाला.

आता आपल्याकडे या. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. मराठी संगीत रंगभूमीचा पाया तिथे घातला गेला. म्हणजे वाइनगार्टनर जर्मनीत शकुंतलेला गायला लावत होता, त्याच्या चार वर्षं आधी पुण्यात ती गात होती! दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसावा. आणि मूळ कवी कोण? ज्याच्या मेघदूताचं नातं आपण आपल्या रामटेकच्या टेकडीशी जोडतो, तो. बर्डीवरून रामटेक तासा-दीड तासाच्या अंतरावर. सुट्टीत तिथे जाऊन सेल्फी काढताना हेही आठवू द्या.

तेव्हा ‘ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचं काहीतरी’ हे म्हणण्याआधी जरा थांबा. गोष्ट गाऊन सांगायची भूक दोन्हीकडे एकच आहे.

माईक कुठाय?

प्रत्यक्ष ऑपेराला गेल्यावर पहिला धक्का बसतो तो इथे. समोर खड्ड्यात ६०, ७०, कधी त्याहून जास्त वादक. हॉलमध्ये दीड-दोन हजार माणसं. आणि गाणाऱ्याच्या अंगावर, कॉलरवर, केसांत कुठेही माईक नाही. तरीही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचतो. कसा?

सायन्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. पूर्ण ऑर्केस्ट्रा एकदम वाजतो तेव्हा त्याच्या आवाजाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते. वर जावं तशी ती कमी होत जाते. ऑपेराचा गायक वर्षानुवर्षं रियाज करून घशाची पोकळी अशी घडवतो की त्याच्या आवाजात साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एक जास्तीचा जोर तयार होतो. तिथे ऑर्केस्ट्रा दुबळा असतो. आणि आपला कान नेमका त्याच पट्ट्यात तिखट असतो. म्हणजे गायक ऑर्केस्ट्राशी कुस्ती खेळतच नाही, मोकळी जागा शोधून निसटतो! स्वीडनच्या योहान सुंडबर्ग या शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलं. पुरुषांच्या आणि खालच्या पट्टीतल्या आवाजांत हे जास्त स्पष्ट दिसतं. अगदी वरच्या पट्टीतल्या बायकांचं तंत्र थोडं वेगळं असतं.

म्हणून ऑपेरा मोबाइलवर ऐकून ‘किंचाळतात’ असं वाटतं, ते तुमचं चुकत नाही. तो आवाज हेडफोनसाठी घडवलेलाच नाही. तो दोन हजार माणसांच्या हवेतून चालत यायला घडवलेला आहे. तो छातीवर आदळतो तेव्हाच त्याचा अर्थ लागतो. माईक येण्याआधीच्या आपल्या नाटकवाल्यांनाही हीच विद्या अवगत होती. मागच्या बाकड्यावरच्या माणसापर्यंत आवाज ‘फेकणं’ हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता.

‘पण भाषा?’ तीही सोय आहे. १९८३ मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रिचर्ड श्ट्राउसच्या ‘एलेक्ट्रा’ या जर्मन ऑपेराच्या वेळी रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली. आता ते जगभर चालतं. जर्मनीतल्या अनेक ऑपेरागृहांत तर जर्मन ऑपेरालाही वर जर्मन ओळी झळकतात. कारण गाताना शब्द इतके ताणले जातात की जर्मन माणसालाही सगळं कळत नाही. तेव्हा तुमचं बी-वन कच्चं असेल तर लाज वाटून घेऊ नका. शेजारचे आजोबाही वरच बघत असतात!

तीन पैशांत ऑपेरा

आता त्या जर्मन ऑपेराकडे येऊ, जो मराठीत येऊन आपल्यातलाच होऊन गेला.

३१ ऑगस्ट १९२८, बर्लिन. बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगमंचावर आलं. बरोबर २०० वर्षांपूर्वी, १७२८ मध्ये, लंडनमध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ लिहून बड्या लोकांच्या ऑपेराची टर उडवली होती. एलिझाबेथ हाउप्टमनने ते जर्मनमध्ये आणलं आणि त्यावरून ब्रेख्त-वाइलने आपला खेळ उभा केला. नावातच टोमणा : भिकाऱ्यालाही परवडेल असा ऑपेरा. नायक मॅकीथ म्हणजे दरोडेखोरांचा म्होरक्या. त्याचा सासरा भीक मागण्याचा रीतसर धंदा चालवतो, भिकाऱ्यांना वेश आणि व्यंग भाड्याने देतो. पोलिसांचा बडा साहेब मॅकीथचा दोस्त. आता सांगा, यात ‘त्यांचं’ काय आणि ‘आपलं’ काय? मोठा ऑर्केस्ट्राही नव्हता. सात वादक आणि आलटून-पालटून वाजवायची ढीगभर वाद्यं.

पाचच वर्षांत जर्मनीत हिटलर आला. ब्रेख्तला देश सोडावा लागला, ज्यू असलेल्या वाइललाही. त्यांचं काम बंद पाडण्यात आलं. १९३८ मध्ये नाझींनी ड्युसेलडॉर्फमध्ये ‘बिघडलेलं संगीत’ कसं असतं ते दाखवायला प्रदर्शन भरवलं, त्यात वाइलचंही नाव होतं. एखाद्या गाण्याची सरकारला इतकी धास्ती वाटावी, हे त्या गाण्याचं मोठंच सर्टिफिकेट म्हणायचं.

आणि ५० वर्षांनी, १९७८ मध्ये, हे गाणं मराठी बोलू लागलं. पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने तो केला, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं. संगीत भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांचं. पुलंनी ऑपेराला तमाशाचा फेटा बांधला. एकाच प्रयोगात नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक! मॅकीथच्या मराठी अवतारात होते नंदू भेंडे, ज्यांनी आधी मुंबईत अलेक पदमसींच्या इंग्रजी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडासचं काम गाजवलं होतं. माधुरी पुरंदरे, ज्यांची पुस्तकं तुम्ही लहानपणी वाचली असतील, त्याही या नाटकात गायल्या.

पुलंनी इथे फक्त भाषांतर केलं नाही. त्यांनी विचारलं, बर्लिनच्या रस्त्यावरच्या माणसाला जे गाणं ओळखीचं वाटलं, तसं आपल्या माणसाला कोणतं वाटेल? उत्तर त्यांना तमाशाच्या फडात सापडलं. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा एकांकिका स्पर्धेला काय करू म्हणून डोकं खाजवत असाल, तर ही युक्ती वहीत लिहून ठेवा.

वाग्नरचं काय करायचं?

जर्मन ऑपेरा म्हटलं की रिचर्ड वाग्नरला टाळून पुढे जाता येत नाही. बायरॉइट गावात त्याने स्वतःच्या ऑपेरांसाठी स्वतंत्र नाट्यगृह बांधलं. १८७६ मध्ये ते उघडलं, ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेने. चार संध्याकाळी, एकूण साधारण १५ तास. ऑर्केस्ट्रा त्याने रंगमंचाच्या खाली लपवला आणि प्रेक्षागृहात अंधार केला. आज थिएटरात दिवे गेल्यावर आपण आपोआप गप्प बसतो, त्या सवयीमागे वाग्नरचाही हात आहे.

पण याच माणसाने १८५० मध्ये ज्यूंच्या विरोधात विषारी लेख लिहिला. पुढे हिटलर त्याचा भक्त झाला आणि बायरॉइटला नेमाने जायचा. इस्रायलमध्ये वाग्नरचं संगीत जाहीरपणे वाजवणं अजूनही टाळलं जातं. २००१ मध्ये डॅनियल बॅरनबॉइम या स्वतः ज्यू असलेल्या संगीतकाराने जेरुसलेममध्ये कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांनाच विचारलं, की वाजवू का? काही जण चिडून उठून गेले. बरेच जण थांबले. आणि वाग्नर वाजला.

कलाकार वाईट वागला तर त्याची कला ऐकायची की नाही, हा वाद तुम्ही तुमच्या आवडत्या गायक-नटांवरून ग्रुपवर घालतच असता. ऑपेरागृहात तो वाद कितीतरी वर्षं चालू आहे. तिथे बसल्यावर तुम्हालाही आपलं उत्तर शोधावं लागेल, आणि ते शेजाऱ्यासारखंच असायला हवं असंही नाही.

प्रत्यक्ष जाताना

आता कामाच्या गोष्टी.

सुरुवात वाग्नरपासून करू नका. ‘मॅजिक फ्लूट’ घ्या. किंवा हुम्परडिंकचा ‘हेन्झल आणि ग्रेटल’. १८९३ मध्ये ख्रिसमसच्या तोंडावर पहिल्यांदा झालेला हा ऑपेरा जर्मनीत आजही डिसेंबरात ठिकठिकाणी लागतो. तिथल्या पहिल्या थंडीत घरची आठवण येत असेल, तेव्हा बरा उतारा आहे.

गोष्ट आधी वाचून जा. सस्पेन्स फुटला म्हणून काही बिघडत नाही. शकुंतलेची अंगठी हरवणार हे आपल्यालाही ठाऊकच असतं, तरी आपण बघतो.

तिकिटाला घाबरू नका. जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या ऑपेरागृहांचा बराचसा खर्च राज्य आणि शहर उचलतं. विद्यार्थ्यांना सवलत असते, प्रयोगाच्या आधी उरलेली तिकिटं अनेकदा स्वस्तात मिळतात, काही ठिकाणी उभं राहून बघायच्या जागाही असतात. विद्यार्थी ओळखपत्र खिशात ठेवा आणि खिडकीवर विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

सूट शिवायची गरज नाही. नीटनेटके कपडे पुरेत. जाड कोट आणि बॅग बाहेर ठेवायची खास जागा असते, तिथे द्या. वेळेआधी पोहोचा. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागू शकतं, तिथे ‘काका, जरा सोडा ना’ चालत नाही. रांगेतून आत जाताना बसलेल्यांकडे तोंड करून सरकायचं, पाठ करून नाही, हा तिथला रिवाज. मोबाइल पूर्ण बंद. टाळी कधी वाजवायची कळलं नाही तर इतरांनी वाजवली की वाजवा. मध्यंतरात आलुबोंडा मिळणार नाही, मिठाचे खडे लावलेला ब्रेत्सेल मिळेल.

आणि कंटाळा आला तर? येऊ द्या. पहिल्या अर्ध्या तासात येतोच. क्रिकेट कळायला तरी आपल्याला किती मॅच लागल्या?

जर्मनी लांब असेल तर

रात्री विदर्भ एक्सप्रेस नाहीतर दुरांतोत बसलात की सकाळी मुंबई. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे ऑपेराचे प्रयोग होतात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांचं चित्रण पडद्यावरही दाखवतात. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस बरीच वर्षं बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तेही जमत नसेल, तर ऑपेराव्हिजन या युरोपियन मंचावर पूर्ण ऑपेरे फुकट आणि सबटायटल्ससह बघता येतात. पण मघाचं ३००० हर्ट्झचं आठवतंय ना? स्क्रीन ही फक्त ओळख. भेट नाही.

खऱ्या भेटीसाठी आणखी एक जवळची जागा आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत कधीही वडशाकडे, म्हणजे देसाईगंजकडे, वळा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू असतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि तेही पहाटेपर्यंत. गद्य, पद, विनोद, रडारड, समोर प्रत्यक्ष वाजणारी वाद्यं, आणि तिकीट काढून शाल पांघरून बसलेलं अख्खं गाव. तिथे राज्याच्या तिजोरीचा आधार नाही, प्रेक्षकाचा आहे. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. वाग्नरच्या १५ तासांना बिचकणाऱ्या माणसाने एकदा झाडीपट्टीची रात्र काढावी. भीती निघून जाईल.

शेवटी पुन्हा बर्डीवर. झाशी राणी चौकात आज विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल दिसतं. तिथे पूर्वी धनवटे रंगमंदिर होतं. तुमच्या आई-बाबांना, आजीला विचारा, त्यांनी तिथे कोणती नाटकं पाहिली. बऱ्याच घरांत एखादी तरी आठवण निघेल. नाट्यगृह पाडता येतं, नवं बांधताही येतं. पण अंधारात शेजारी बसून अनोळखी माणसाबरोबर एकच गाणं ऐकायची सवय एकदा गेली, तर ती कोणत्याही बजेटमधून परत आणता येत नाही. ती सवय तुमच्या पिढीने ठेवली तर राहील.

म्हणून एवढंच करा. या सेमिस्टरमध्ये एक तिकीट काढा. देशपांडे सभागृहातल्या संगीत नाटकाचं, झाडीपट्टीतल्या प्रयोगाचं, मुंबईतल्या ऑपेराचं, कशाचंही. प्रत्यक्ष गाणाऱ्या माणसासमोर जाऊन बसा. पुढे ड्रेस्डेनच्या बाल्कनीत पोहोचाल तेव्हा दिवे गेल्यावर काय करायचं, हे तुम्हाला वेगळं शिकवावं लागणार नाही.